पाचवे कारण

सह्याद्रीच्या कड्यावरून अथवा पावसाळी धबधब्यातून दोराने उतरताना कोणी तरुण कोसळला, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील मथळा जणू आधीच जुळवून ठेवलेला असतो. 'काळाचा घाला', 'साहस अंगाशी आले', नाही तर 'दोर तुटला'. मजकूरही ठरलेला: दरीची खोली, आईवडिलांचा आक्रोश आणि शेवटी परिसरात पसरलेली हळहळ. दोर कशाला बांधला होता, कोणी बांधला होता, बांधणाऱ्याचे शिक्षण काय होते, हे त्यात बहुधा नसते. या लेखनपद्धतीस आमचा स्पष्ट विरोध आहे. ती केवळ अपुरी नव्हे. ती पुढच्या मृत्यूस वाट मोकळी करून देते.

काळाचे वा दैवाचे नाव निघाले की आपल्या समाजात पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. म्हणून त्या शब्दाचीच आधी चौकशी केलेली बरी. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव त्यांत आहे, परंतु ते पाचवे आहे. आमचे वार्ताहर पाचव्यापासून आरंभ करतात आणि तेथेच लेखणी ठेवतात. उरलेल्या चारांची विचारपूस आपणच केली पाहिजे.

पहिले अधिष्ठान. भाष्यकार त्याचा अर्थ देह असा करतात. येथे आम्ही 'आधार' हा सरळ अर्थ घेतो. कडा चढणाऱ्याचा भार त्याच्या हातापायांवर असतो, दोर हा पडल्यास सावरण्यापुरता. दोराने उतरणाऱ्याचा भार मात्र पहिल्या पावलापासून दोरावर आणि दोर ज्याला बांधला त्या आधारावर असतो. म्हणून आधार किमान दोन, परस्परांपासून स्वतंत्र आणि एकेकटे सर्व भार पेलणारे हवेत. दोन आधारांना जोडणाऱ्या पट्ट्यांमधील कोन १२० अंशांचा झाला, तर प्रत्येक आधारावर अर्धा नव्हे, पूर्ण भार येतो. हे गणित ज्यास ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याच्या मुलास कड्याच्या काठावर उभे करू नये.

दुसरा कर्ता. दोराने उतरण्याची ही रीत शामोनीचा वाटाड्या जाँ शार्ले-स्ट्रातों याने १८७६ साली पेटी ड्रू या सुळक्यावरील प्रयत्नात बसविली, असे मानतात. चढून गेलेल्या माणसाची ती परतीची युक्ती होती. आज ती कधीही कडा न चढलेल्या माणसास सुट्टीच्या दिवसाची करमणूक म्हणून विकली जाते. विकत घेणारा नवखा असणारच, त्यात त्याचा अपराध नाही. प्रश्न विकणाऱ्याच्या अनुभवाचा आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून हे शिक्षण देत आहे. तेथील प्राथमिक अभ्यासक्रमच सुमारे चार आठवड्यांचा. त्यानंतर प्रगत अभ्यासक्रम, आणि शिकविण्याचा अभ्यासक्रम त्याच्याही पुढे. तथापि दोन सहलींत दोर हाताळलेला मनुष्य आपल्याकडे सहज 'प्रशिक्षक' होतो. जुलै २०१८ मध्ये कोइमतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्तीच्या सरावात खालच्या जाळीत उडी घेण्यासाठी एका विद्यार्थिनीस प्रशिक्षकाने दुसऱ्या मजल्यावरून ढकलले. खालच्या सज्जावर आदळून ती मृत्यू पावली. तो प्रशिक्षक आपला नव्हे, असे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास जाहीर करावे लागले. त्या प्रसंगाचे चित्रण देशभर पुनःपुन्हा दाखविले गेले. 'तुझे प्रमाणपत्र दाखव', हा एक प्रश्न आदल्या दिवशी कोणी विचारला असता तर!

तिसरे करण, म्हणजे साधन. 'दोर तुटला' असे छापणे सोपे आहे. या कामासाठी युरोपीय मानकानुसार बनविलेला 'अ' वर्गाचा दोर सुमारे २२०० किलोचा ताण सोसतो. असा दोर माणसाच्या वजनाने सहसा तुटत नाही. तो धारदार कातळावर घासून कापला जातो, जुना होऊनही वापरला जातो, किंवा तो तुटतच नाही: आधार निखळतो, हार्नेसचा पट्टा सुटतो, कॅराबिनरचे तोंड उघडे राहते. यांतील प्रत्येक गोष्टीस कोणी तरी उत्तरदायी असतो. 'दोर तुटला' या दोन शब्दांनी तो निर्दोष सुटतो, कारण दोरावर खटला भरता येत नाही.

चौथी चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष कृती. उतरण्यापूर्वी दुसऱ्याने पट्टे व कॅराबिनर तपासणे, दोराच्या टोकास गाठ मारणे, हात सुटल्यास आपोआप आवळणारी गाठ लावणे, वरून वेगळ्या माणसाने वेगळा सुरक्षा-दोर धरणे, केस व ओढणी बांधून घेणे. धबधब्यात तर पाण्याच्या आवाजापुढे हाक ऐकू जात नाही. मध्येच अडकलेला माणूस पाण्याच्या माऱ्याखाली लटकत राहिला, तर त्यास सोडवावयास मिनिटेच हाती असतात. म्हणून वरचा दोर भारासह सैल सोडता येईल असाच बांधावा लागतो. यासाठी पैसा फारसा लागत नाही. लागते ती जाणत्या हाताची शिस्त.

यावर कोणी म्हणेल, निष्णातही मरतात, मग दैवाखेरीज दुसरे काय? अमेरिकेचा नामांकित आरोहक ब्रॅड गोब्राइट २७ नोव्हेंबर २०१९ रोजी मेक्सिकोतील एल पोत्रेरो चिको येथे मरण पावला. दोराविना चढण्याबद्दल त्याची ख्याती होती, म्हणून अनेक मथळ्यांनी तीच ख्याती पुढे केली. वस्तुतः तो दोराने उतरत होता. दोराची टोके समान नव्हती आणि टोकास गाठ नव्हती. निष्णाताचाही प्राण जेथे एका गाठीवाचून जातो, तेथे नवख्याच्या हाती दोर देणे यास दैव म्हणावे काय? आपल्या जत्रेत देवाचा रथ ओढण्यापूर्वी चाके, कणा आणि दोर जाणत्याकडून पाहून घेतात. देव सांभाळील म्हणून ती तपासणी कोणी टाळीत नाही.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. जे पत्र सोमवारी 'साहस अंगाशी आले' म्हणून मृतास उपदेश करते, तेच रविवारच्या पुरवणीत धबधब्यातील 'थरारा'ची रंगीत चित्रे छापते आणि मावळ्यांच्या वारशाची आठवण देते. मावळे त्या कड्यांवर जन्मले, वाढले. पैसे भरून सकाळी आलेले ते प्रवासी नव्हते. हिरकणीची आख्यायिका तरी नीट वाचावी. महाराजांनी तिचा गौरव केला, परंतु ती कोठून उतरली हेही विचारले, आणि तेथे बुरूज बांधविला.

अशा बातमीचा शेवट बहुधा बंदीत होतो. पावसाळ्यात धबधब्यांवर मनाईचे हुकूम निघतात. गोव्यातही जुलै २०२३ मध्ये निघाले. बंदीने उत्तम आणि अधम संस्था एकाच दिवशी बंद होतात; बंदी उठताच अधम आधी उघडतात. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांस नोंदणी सांगितली. मग अपघातानंतर पहिली विचारणा 'नोंदणी होती काय?' अशी का नसावी?

आमचे मागणे वार्ताहरांकडे आहे, तसेच वाचकांकडेही आहे. आपल्या शाळा, युवक मंडळे आणि देवस्थानांच्या समित्या मुलांच्या सहली नेतात. पैसे भरण्यापूर्वी आयोजकास चार प्रश्न विचारावेत: आधार कोणता, शिकविणारा कोण, साधने कधीची, तपासणी कोण करतो? उत्तर देताना जो हसेल, त्याच्या दोरावर आपले मूल सोडू नये. या चारांची उत्तरे मिळाल्यावर जे उरेल, त्यास खुशाल दैव म्हणावे.