टाळीला दहा रुपये, हक्काला शून्य

दान कसे करावे हे मुसलमानाला शिकवावे लागत नाही. रमजानमध्ये जकातीचा अडीच टक्क्यांचा हिशेब घरोघरी होतो. ईदच्या नमाजाआधी फित्रा निघतो. मदरशांची पावतीपुस्तके गावोगाव फिरतात. हिजड्यांनाही आपण रिकाम्या हाताने पाठवत नाही. बाळ जन्मले, लग्न ठरले, सिग्नलला टाळी वाजली की खिशातून दहा-वीस रुपये निघतात. बद्दुआ लागू नये म्हणून.

पण हीच व्यक्ती शिधापत्रिका मागायला जाते, भाड्याने खोली शोधते, पोलिसाविरुद्ध तक्रार नोंदवू पाहते, तेव्हा तिच्यासोबत जाणाऱ्या संस्थेला आपण कधी काही दिले आहे का? समलिंगी मुलाला घरच्यांनी कोंडून ठेवले, तर त्याच्यासाठी वकील शोधणाऱ्यांना? टाळीला दिलेले दहा रुपये हे दान नव्हे, भीतीपोटी भरलेला दंड आहे. खरेच द्यायचे असेल तर हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला द्या, दर महिन्याला द्या आणि पावती घेऊन द्या.

हक्क मिळवायला किती काळ लागतो ते बघा. दिल्लीच्या नाझ फाउंडेशनने भारतीय दंड विधानाच्या कलम ३७७ विरुद्ध २००१ साली याचिका केली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने ती फेटाळली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सुनावणीसाठी परत पाठवली. २ जुलै २००९ रोजी संस्था जिंकली आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात हरली. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज जोहर आणि इतरांच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांनी निकाल दिला आणि प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. सतरा वर्षे! वकिलाने फी माफ केली तरी टायपिंग, झेरॉक्स, रेल्वेचे तिकीट, कार्यालयाचे भाडे आणि कार्यकर्त्याचा पगार माफ होत नाही. हा पैसा कोणीतरी दिला. आपण दिला नाही.

उलट आपले नाव तिथे दुसऱ्याच बाजूला होते. २००९ च्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. समाजाच्या नावाने त्या मुलांच्या विरोधात वकील उभा राहिला, तेव्हा आपल्याला कोणी विचारले नव्हते. आता आपण न विचारता दुसऱ्या पारड्यात काही टाकू शकतो.

"पण आता तर जिंकले ना?" असे कोणी म्हणेल. कुठे जिंकले? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ३७७ च्या जागी काहीच आले नाही. प्रौढ पुरुषावर किंवा पारलिंगी स्त्रीवर बळजबरी झाली तर बलात्कार म्हणून नोंदवायला कलम उरलेले नाही. हे काम अर्ध्यावर आहे आणि अर्ध्यावरच्या कामाला पैसा लागतो.

आता मुख्य आक्षेप. गुनाहाला मदत कशी करायची? इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कोणाच्या वागण्यावर धर्माची मोहोर उठवा, असे या संस्था आपल्याला सांगत नाहीत. त्यांचे मागणे एवढेच, की बंद दाराआड शासनाने शिरू नये आणि दाराबाहेर कोणाला मारहाण होऊ नये. हे मागणे आपल्याला अनोळखी आहे का? महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला तेव्हा घरात काय शिजते याचा शोध घेण्याची सोय त्यात होती. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, राज्याबाहेर कापलेले गोमांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारी तरतूद रद्द केली. आधार होता खासगीपणाच्या हक्काचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी तोच हक्क मूलभूत ठरवला आणि लैंगिक कल हाही त्याच हक्काचा भाग आहे, असे त्या निकालात सांगितले. म्हणजे आपल्या फ्रिजला जी भिंत आहे तीच त्यांच्या खोलीला आहे. आपल्या बाजूची भिंत शाबूत राहावी आणि त्यांच्या बाजूची पडावी, असे होत नसते.

जकातीवर वाद घालायचा नसेल तर घालू नका. तिचे आठ हकदार कुरआनात सांगितले आहेत, तो हिशेब तिकडेच राहू द्या. सदक्याला तशी चौकट नाही. तो कोणत्याही गरजवंताला, त्याचा धर्म न विचारता देता येतो.

द्यायचे कोणाला? मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो. मालाडच्या मालवणीत, म्हणजे आपल्याच वस्तीच्या शेजारी, गौरी सावंत यांची सखी चारचौघी ही संस्था आहे. दिल्लीत नाझ आहे. 'हमसफर' आणि 'नाझ' हे शब्द कुठून आले ते उर्दू शिकवणाऱ्याने वेगळे सांगायला नको.

द्यायचे कसे? आधी संस्थेची नोंदणी, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण झालेला हिशेब मागा. चांगली संस्था मागितल्याने रागावत नाही. मग बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा. दरमहा दोनशे रुपये हे वर्षातून एकदा फोटो काढून दिलेल्या धान्याच्या पोत्यापेक्षा मोलाचे, कारण त्यावर पगाराचा हिशेब मांडता येतो. 'अमुकच कामाला वापरा' ही अट घालू नका. वीजबिल भरायला कोणी देणगी देत नाही आणि अंधारात समुपदेशन होत नाही. संस्थेला देणगीवरील करवजावटीची मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर साधारणपणे निम्म्या रकमेवर वजावट मिळते. त्यासाठी पॅन द्या आणि देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्या. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही वजावट मिळत नाही.

केप टाउनला किंवा लंडनला स्थायिक झालेल्या कोकणी नातेवाइकांना सांगताना जपून. त्यांनी तिथले नागरिकत्व घेतले असेल तर त्यांचा पैसा परकीय देणगी ठरतो. एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच तो घेता येतो, तोही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली रक्कम या कायद्यात येत नाही. चुकीच्या खात्यात आलेल्या एका हस्तांतरामुळे संस्था अडचणीत येऊ शकते.

मोहल्ल्यात बोभाटा होईल ही भीती असेल, तर गुपचूप द्या. आपल्या परंपरेत गुप्त दान श्रेष्ठच मानले आहे. संस्थेच्या वहीत नाव राहील, मशिदीच्या फळ्यावर लागणार नाही.

पैसा नसेल तर हुनर द्या. सीए असाल तर हिशेब तपासा. आपण भाषेचे शिक्षक तर आरोग्याच्या आणि कायद्याच्या पत्रकांचे सोप्या मराठीत, उर्दूत भाषांतर करून देऊ शकतो. मालवणीतल्या किंवा भिवंडीतल्या आईला इंग्रजी पत्रक वाचता येत नाही, आणि आपल्या मुलाला घराबाहेर काढायचे की नाही हे शेवटी तिलाच ठरवायचे असते.

येत्या रमजानला हिशेबाची वही उघडाल तेव्हा मदरसा, यतीमखाना आणि विधवा यांच्या खाली एक ओळ वाढवा. रक्कम किती, हे तुमचे तुम्ही ठरवा. ती ओळ मात्र कोरी ठेवू नका.