दर्शक, नाम आणि क्रम

इंग्रजीतील ‘दॅट हाउस निअर द फोर्ट’ या पदबंधात दर्शक, म्हणजे बोट दाखवणारे विशेषण, आधी येते, मग नाम आणि शेवटी जागा सांगणारा तुकडा येतो. अकोल्यात हेच ‘असदगड किल्ल्याजवळचे ते घर’ होते, कारण मराठीतील ‘जवळ’सारखे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून जोडले जाते आणि त्याला लागलेला ‘चा-ची-चे’ प्रत्यय त्या तुकड्याचे विशेषण करून तो बहुधा मुख्य नामाआधी बसवतो. ‘दॅट ट्री निअर द वेल इन द वाडा’ म्हटल्यावर वाड्याच्या आत झाड आहे की नुसती विहीर, हे इंग्रजी श्रोत्याला संदर्भावरून ताडावे लागते. मराठीत मात्र ‘वाड्यातल्या विहिरीजवळचे झाड’ यातील ‘वाड्यातल्या’ हे सामान्यरूप, म्हणजे पुढील नामाला अव्यय लागल्यामुळे बदललेले रूप, विहिरीशी बांधले जाते आणि ‘वाड्यातले विहिरीजवळचे झाड’ म्हणताच तोच शब्द झाडाकडे वळतो. इतकी काटेकोर भाषा दर्शकांच्या बाबतीत मात्र उदासीन आहे: हा वाडा, ही विहीर, हे गाव हा लिंगभेद ‘या वाड्यात, या विहिरीत, या गावात’ असे म्हणताना पुसला जातो, आणि ‘या गावांत’ म्हणताना वचनाचा भारही एकट्या नामावर पडतो, जो इंग्रजीत ‘धिस’ आणि ‘दीज’ निमूट वाहतात. अमरावतीकडच्या वऱ्हाडी बोलीत ‘तो’चा ‘थो’ झाला तरी अव्यय नामाच्या मागेच राहते. म्हणून वऱ्हाडातील इंग्रजीच्या शिक्षकांनी शब्दार्थांच्या याद्यांआधी हा उलटा क्रम शिकवावा.