घरातून काम : उत्पादन मालकाचे, खर्च कामगाराचा

घरी बसून काम केल्याने माणसाची उत्पादकता वाढते की घटते, या प्रश्नाचा २०२०च्या टाळेबंदीपासून भांडवली वृत्तपत्रांत अखंड काथ्याकूट चालू आहे. कोणी कामगाराला शिस्तीचे धडे देतो, कोणी टेबल खिडकीपाशी मांडावयास सांगतो. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तर ऑक्टोबर २०२३मध्ये देशाच्या उत्पादकतेचा हवाला देऊन तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे सुनावले. या चर्चेत दोष नेहमी कामगाराच्या स्वभावात शोधला जातो. कामाची जागा कोणाची, वीज कोणाची, वेळ कोणाचा, हे प्रश्न मात्र शिताफीने टाळले जातात.

घरकामाचे समर्थक ज्या प्रयोगाचे दाखले देतात, तोच तपासून पाहावा. चीनमधील सीट्रिप या प्रवास-कंपनीने २०१०च्या अखेरीस शांघायच्या दूरध्वनी-केंद्रात स्वेच्छेने पुढे आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने, आठवड्यातील चार दिवस, घरून काम दिले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काम १३ टक्क्यांनी वाढले. पण त्यातील सुमारे ९ टक्के वाढ केवळ कामाची मिनिटे वाढल्यामुळे झाली. विश्रांती घटली, आजारपणाच्या रजा घटल्या. शांततेमुळे दर मिनिटाला हातावेगळे होणारे काम वाढले, ते सुमारे ४ टक्केच. शिवाय निवड झाली ती घरी स्वतंत्र खोली असलेल्यांचीच. कंपनीचा जागेवरील खर्च वाचला; उलट घरी बसणाऱ्यांना त्यांच्या कामाच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. एकटेपणाला कंटाळून अनेकजण पुढे कार्यालयात परतले.

कामगार अधिक वेळ राबला म्हणून माल अधिक निघाला, तर त्याला श्रमाची उत्पादकता वाढली असे म्हणत नाहीत. त्याला कामाचा दिवस लांबविणे म्हणतात. मार्क्सने १८६७मध्येच हा भेद स्पष्ट केला होता. नगावारी मजुरी लागू झाली की मुकादमाची गरज उरत नाही, कामगार स्वतःच स्वतःला दामटतो, आणि घरगुती उद्योगाचा पाया याच मजुरीवर उभा राहतो, हेही त्याने दाखवून दिले होते.

भारतात हे समजून घेण्यासाठी संगणकाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. सोलापूर, निपाणी, निझामाबाद, तिरुनेलवेली, मुर्शिदाबाद येथील विडी कामगार स्त्रिया पिढ्यान् पिढ्या घरातूनच काम करीत आल्या आहेत. दिवसाला किती विड्या वळल्या जातील, हे केवळ त्यांच्या बोटांवर ठरत नाही. पाने भिजवण्यास पाणी आहे काय, अंधारलेल्या खोलीत उजेड आहे काय, चूल आणि मूल सांभाळून बैठक किती वेळ टिकते, यावर ते ठरते. कारखानदाराने दिलेली पाने फाटकी निघाली, तर हजाराचा हिशेब भरण्यासाठी बाईने पदरच्या पैशाने पाने आणावयाची. वळलेल्या विड्यांतून छाट काढली की तेवढी मेहनत फुकट. तंबाखूची धूळ मात्र साऱ्या घराने श्वासावाटे घ्यावयाची. घर हाच कारखाना झाला, पण त्या कारखान्याचे भाडे कोणाच्याही खात्यावर चढले नाही.

‘घरी काम करणारा तो स्वतंत्र कारागीर’ हा मालकांचा जुना बचाव कामगारांनी लढून मोडून काढला. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांना कामगार मानले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये तो कायदा उचलून धरला. १९८५मध्ये पी. एम. पटेल खटल्यात त्याच न्यायालयाने त्यांना भविष्यनिर्वाह निधीचा हक्कही मान्य केला : माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे, तेव्हा देखरेखही त्याचीच आहे. सोलापूरनजीक कुंभारी येथे २००६मध्ये उभ्या राहिलेल्या, गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या १०,००० घरांमागेही विडी कामगार स्त्रियांचा असाच दीर्घ लढा होता. ज्यांचे घर हीच कामाची जागा, त्यांच्यासाठी घराचा लढा हा कामाच्या जागेचाही लढा असतो.

आज हे सारे धोक्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू करून केंद्र सरकारने २९ कायदे मोडीत काढले. त्यांत १९६६चा कायदाही आहे. घरबसल्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६चा करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही.

अनेक कर्मचाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, घरून काम हवे असते, हे खरे. प्रवासाचे दोन-तीन तास वाचणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. त्या इच्छेला विरोध करण्याचे कारण नाही. विरोध आहे तो तिच्या आडून होणाऱ्या लुटीला. घरून काम ऐच्छिक असावे. परतण्याचा हक्क अबाधित असावा. जागा, वीज व साधनांचा खर्च मालकाने द्यावा. आठ तासांनंतरचे काम जादा काम म्हणून मोजले जावे.

पुण्याच्या संगणक-कर्मचाऱ्याला आपण विडी कामगारांपेक्षा वेगळ्या जातकुळीचे आहोत, असे भासविले जाते. घरांच्या भिंतींनी कामगार एकमेकांपासून तोडले जातात, हाच मालकाचा खरा लाभ आहे. त्या भिंती ओलांडून दोघांना एका संघटनेच्या लढ्यात आणणे, हे पक्षसभासदांपुढील आजचे काम आहे.