बस्ता, गोल्फचा सेट आणि डॉलरचा भाव

परदेशात राहणारे नातेवाईक हिंदमाताला आले की भागाकार करतात. आपण त्यांच्याकडे गेलो की गुणाकार करतो. आकडेमोड दोघांचीही बरोबर असते, पण त्यातून निघालेलं उत्तर दोघांनाही फसवतं, असं माझं बऱ्याच दिवसांचं मत आहे. 2025 च्या डिसेंबरात पुतणीच्या लग्नाच्या निमित्ताने ते मत आणखी पक्कं झालं, म्हणून लिहून टाकतेय. (घरातली मंडळी हे वाचणार आहेत याची मला पूर्ण कल्पना आहे.)

मुंबईबाहेरच्यांना हिंदमाता हे नाव पावसाळ्यात टीव्हीवर कळतं. गुडघाभर पाणी, त्यात अडकलेली बस, आणि छत्री धरून बोलणारा वार्ताहर. आम्हा परळ-लालबागकरांसाठी मात्र हिंदमाता म्हणजे कापड. लग्न ठरलं की बस्त्याला इथेच यायचं. चपला काढून गादीवर बसायचं, समोर साड्यांचा ढीग पडू द्यायचा, आणि मावशीला कुठला रंग चालत नाही यावर तासभर वाद घालायचा.

तर माझा भाऊ म्हणजे दादा आणि वहिनी न्यू जर्सीहून आले, त्याच आठवड्यात डॉलरने 90 रुपयांचा आकडा पहिल्यांदाच ओलांडला. आहेराच्या साडीचा भाव सातशे ऐकला की वहिनीचं लगेच, "म्हणजे आठ डॉलरसुद्धा नाही!" तिकडे एडिसनला ओक ट्री रोडवर अशी साडी कितीला मिळते ते ती सांगू लागली, तेव्हा दुकानातला माणूस जे कान टवकारून ऐकत होता, ते बघून मी तिला कोपराने ढोसलं.

पण पुढे गंमत झाली. साड्या झाल्यावर आम्ही ब्लाउज टाकायला गेलो. शिंपीणबाईंनी अस्तराच्या ब्लाउजचे सहाशे सांगितले, आणि भागाकार करणारी वहिनी एकदम रुपयात आली. "सहाशे? शंभरात शिवायचो की आपण!"

वहिनीचं काही खोटं नव्हतं. आमच्या आईची लग्नाच्या याद्यांची एक वही आहे, कोणाला काय दिलं आणि केवढ्याचं दिलं, सगळं त्यात. मी ती काढून बघितली. 2005 च्या डिसेंबरात धाकट्या बहिणीच्या लग्नात आहेराची साडी अडीचशेची होती आणि ब्लाउजची शिलाई शंभर. डॉलर तेव्हा साधारण 45 चा. म्हणजे वहिनीच्या हिशोबाने साडी साडेपाच डॉलरची आणि शिलाई सव्वादोन डॉलरची. वीस वर्षांनी साडी पावणेआठ डॉलरची झाली, आणि शिलाई साडेसहाच्या वर गेली. दरम्यान डॉलर मात्र 45 चा 90 झाला. रुपया निम्म्यावर आला, तरी डॉलर घेऊन येणाऱ्याला इथे काहीच स्वस्त झालं नाही. शिलाई तर जवळजवळ तिप्पट झाली, तीही डॉलरमध्ये!

असं का होतं हे कळायला अर्थशास्त्रज्ञ व्हायची गरज नाही. गेल्या वीस वर्षांत अमेरिकेतल्या किमती सर्वसाधारणपणे दीडपटीहून थोड्या जास्त झाल्या, आपल्याकडच्या तिपटीहून जास्त. म्हणजे आपली महागाई त्यांच्या साधारण दुप्पट वेगाने पळाली, आणि डॉलरही साधारण दुप्पट झाला. एका हाताने दिलं ते दुसऱ्याने काढून घेतलं. रुपया घसरला म्हणून "आता इंडियात जाऊन मनसोक्त शॉपिंग करा" म्हणणाऱ्यांनी हा भाग विसरू नये.

आणि साडी-शिलाईतला फरक? आहेराची साडी सुरतेच्या यंत्रावर निघते. तिचं सूत पॉलिएस्टरचं, ते खनिज तेलापासून होतं, आणि तेल डॉलरमध्ये विकलं जातं. असल्या वस्तूला देशाची हद्द फारशी अडवत नाही, यंत्र सुधारलं की ती स्वस्तही पडते. शिंपीणबाई मात्र कंटेनरमध्ये भरून न्यू जर्सीला पाठवता येत नाहीत. त्यांची खोली परळला, भाडं परळचं, मुलाच्या क्लासची फी दादरची. वीस वर्षांत ते सगळं वाढलं आणि शिलाईत उतरलं. मला विचाराल तर उतरायलाच हवं होतं. शंभर रुपयांत ब्लाउज शिवला जायचा तो त्या कमी जेवायच्या म्हणून, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता गुणाकाराची बाजू.

आमचे चिरंजीव बेलापूरला नोकरी करतात आणि रविवारी खारघरला सिडकोच्या मैदानावर गोल्फ खेळतात. हो, गोल्फ! गिरणीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसाचा नातू. त्याच्या आजोबांना गोल्फ म्हणजे विलिंग्डन क्लबच्या कुंपणापलीकडची हिरवळ, बेस्टच्या खिडकीतून दिसणारी. असो. तर 2021 च्या शेवटी त्याला नवशिक्याचा सेट घ्यायचा होता. इथल्या दुकानात सत्तर हजारांच्या वर सांगितले. मामाला फोन केला, तिकडे सहाशे डॉलरला होता. डॉलर तेव्हा साधारण 75. गुणाकार करून 45 हजार झाले. मामाने 2022 च्या जानेवारीत येताना सेट आणला आणि पैशांचं विचारल्यावर म्हणाला, "राहू दे रे, पुढच्या खेपेला बघू."

पंचवीस हजारांचा हा फरक कुणाच्या लबाडीमुळे पडत नाही. परदेशातून येणाऱ्या मालावर आयातशुल्क, त्यावर जीएसटी, आणि खप इतका कमी की दुकानदार चार सेट वर्षभर मांडून बसणार, त्या बसण्याचे पैसेही त्यातच. एडिसनच्या साडीचं उलट्या दिशेने हेच आहे. दादाची बॅग जाताना साड्यांनी भरते आणि येताना गोल्फच्या काठ्यांनी, ती या दोन शुल्कांच्या जोरावर.

त्यातही एक मेख आहे. परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला शुल्क न भरता सामान आणायची मर्यादा 2016 च्या नियमांत 50 हजार रुपये ठरली होती, आणि 2025 च्या अखेरीस दादा उतरला तेव्हाही तेवढीच होती. मर्यादा रुपयात, वस्तू डॉलरमध्ये. 2016 मध्ये डॉलर 67 च्या आसपास होता, म्हणजे साधारण 745 डॉलरचं सामान बिनबोभाट यायचं. 90 च्या भावाने तेच 555 डॉलरवर आलं. 2022 मध्ये हिरव्या कंदिलातून आलेला आमचा सेट 2025 च्या डिसेंबरात आणला असता तर मर्यादेबाहेर गेला असता. तोवर नियम बदलला नव्हता, सेट बदलला नव्हता, बदलला होता तो फक्त भाव.

सरकारं मनात आणतील तर भावालाही मागे टाकतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, आणि 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी सूट 29 तारखेपासून काढून घेतली. आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं बंद केलं, पुढे जवळजवळ सगळीच. आईने वहिनीसाठी घेतलेली साडी आणि फराळाचे डबे घरातच राहिले. 15 ऑक्टोबरला टपाल सुरू झालं तेव्हा दिवाळी पाच दिवसांवर आली होती आणि शुल्क इथेच आगाऊ भरायचं होतं. आईने विचारलं, "माझ्या सुनेला साडी द्यायला त्यांच्या सरकारला पैसे का द्यायचे?" याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं.

भाव कोसळला की आपल्याकडे देशाची अब्रू गेल्यासारखे चेहरे होतात, तेही मला पटत नाही. ज्या परळमध्ये मी हे लिहितेय तिथे शंभर वर्षांपूर्वी याच्या बरोबर उलटी तक्रार होती. रुपया 16 पेन्सचा ठेवायचा की 18 पेन्सचा, यावर 1926 मध्ये मोठं रण माजलं. सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने 18 म्हटलं, आणि आयोगातले एक सभासद, मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, यांनी वेगळं मत नोंदवलं. हिशोब साधा होता. 18 शिलिंगचं विलायती कापड, म्हणजे 216 पेन्स. 16 च्या भावाने ते इथे साडेतेरा रुपयांना पडायचं, 18 च्या भावाने बारा रुपयांना. परळच्या गिरणीतलं कापड मात्र तेवढ्यालाच. तगडा रुपया म्हणजे गिरणीवाल्यांच्या पोटावर पाय. 1927 च्या कायद्याने 18 पेन्स पक्का झाला. मंदी होतीच, मालकांनी कमी माणसांत जास्त माग चालवायचा घाट घातला, आणि 1928 मध्ये सहा महिन्यांचा संप झाला. संपाचं सगळं खापर मी पेन्सवर फोडत नाही. पण रुपया वर की खाली याच्या आधी "कुणासाठी?" हे विचारावं, एवढं या भागात वाढलेल्याला तरी कळायला हवं.

तर आता घरचा मामला, ज्यावरून लग्नघरात दोन दिवस कुजबुज चालली होती.

चिरंजीव मामाला 45 हजार द्यायला निघाले. मी म्हटलं, 54 दे. सहाशे गुणिले नव्वद. तो म्हणाला, "आई, मी त्याच दिवशी देत होतो, त्यानेच घेतले नाहीत. मग रुपया घसरल्याचा दंड मला का?" आमच्या मोठ्या जाऊबाई त्याच्या बाजूने. घरात कसला आलाय रेट, म्हणाल्या. स्वतः दादाही म्हणाला, 45 खूप झाले, तेही बस्त्यातच घाला.

मी माझ्या मतावरून हलले नाही. कारण सांगते. दादाने त्या दिवशी रुपये दिले नव्हते, डॉलर दिले होते. तिकडच्या नोकरीत, तिकडच्या थंडीत पहाटे बर्फ उपसून कमावलेले. त्याचे सहाशे गेले, तर सहाशे परत यायला हवेत. 45 हजारांचे आता पाचशेच होतात. आणि चिरंजीवांचा दंड वगैरे काही होत नव्हता. ते 45 हजार चार वर्षं त्याच्याकडेच होते ना? बँकेत साडेपाच टक्क्यांनी ठेवले असते तरी 55 हजारांच्या वर झाले असते. रुपया घसरतो तसं रुपयावर व्याजही जास्त मिळतं, हे दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत. पैसे बँकेत न ठेवता त्याने गोव्याला घालवले असतील, तर तो वेगळा विषय.

"घरात कसला रेट" हे वाक्य ऐकायला फार गोड लागतं. पण मी बघितलंय, ते नेहमी घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस म्हणतो. परदेशातल्या भावाने आणलेला लॅपटॉप, फोन, बाळाची गाडी, सगळं "नंतर बघू" मध्ये जातं, आणि वीस वर्षांनी बोलण्यात कुठेतरी कडवटपणा येतो तेव्हा कुणालाच कारण आठवत नाही. देणगी असेल तर सरळ देणगी म्हणावी. उसने असतील तर ज्या नाण्यात दिले त्या नाण्यात मोजावेत. आणि हे फक्त दादाच्या बाजूने नाही. 2022 मध्ये त्याने आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आम्ही खर्च केलेल्यातला त्याचा वाटा द्यायचा राहिला होता, तो रुपयात होता, म्हणून तो रुपयातच घेतला. तिथे मी डॉलर काढला नाही. (व्याजाचं म्हणाल तर... ते सोडलं.)

चिरंजीवांनी 54 दिले, थोडे फुगून. दादाने ते खरंच बस्त्यात घातले. त्यात आहेराच्या साठ साड्या आल्या, दोन नऊवारी आल्या, आणि वहिनीचे सहा ब्लाउज, सहाशेच्या भावाने, एक रुपयाही न घासता.

आता आणखी दोन लग्नं आहेत घरात. ज्या कुणाला हिंदमाताला यायचंय त्यांनी रविवार सोडून या, दुपारी जेवणानंतर लगेच या, आणि गादीवर बसल्यावर डॉलर हा शब्द काढू नका. दुकानातल्या माणसालाही गुणाकार येतो.