गोळी बुडवली कोणी, भोगतंय कोण?

‘रेझिस्टन्स’ म्हटलं की आपल्याला ओहमचा नियम आणि व्हायवा आठवतो. मी आज लिहितेय ते टीबीच्या जंतूंच्या रेझिस्टन्सबद्दल. कॉन्व्हेंटवाली मराठीत काय लिहिणार, असं म्हणू नका; हा विषय आपल्या भाषेतच बोलायला हवा.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला गेल्या वर्षी टीबी झाला, तोही आयुष्यात पहिल्यांदाच. तपासणीत कळलं की टीबीची मुख्य औषधं तिला लागूच पडणार नाहीत. लगेच कुजबुज सुरू! “आधी कोर्स अर्धवट सोडला असेल, आता लपवतेय.” मेसमध्ये तिचं ताटही वेगळं झालं. अहो, जिने टीबीची एकही गोळी कधी घेतली नव्हती, ती गोळ्या बुडवणार कशी?

खरी गोष्ट अशी. अर्धवट किंवा चुकीच्या उपचारात कमजोर जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. तोच पेशंट खोकला की हे चिवट जंतू हवेतून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात. म्हणजे चूक एकाची किंवा त्याच्या डॉक्टरची, आणि शिक्षा भलत्यालाच. आणि हा रोग ताटातून नव्हे, हवेतून पसरतो.

भारतात 2014-16 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत नव्या पेशंटपैकी 2.84 टक्के लोकांना मल्टिड्रग रेझिस्टंट टीबी होता, म्हणजे आयसोनिआझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही प्रमुख औषधं निकामी. निदान एका औषधाला तरी दाद न देणारे होते 22.54 टक्के. आकडा लहान वाटतो? आपल्या देशात वर्षाला पंचवीस लाखांहून जास्त पेशंट नोंदले जातात!

आपण लॅबमध्ये मल्टीमीटर लावल्याशिवाय सप्लाय देत नाही. मग इथे न मोजता सहा महिन्यांचं औषध का सुरू करायचं? सीबीनॅट मशीन साधारण दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, हे सांगतं. पण ते आयसोनिआझिडबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी एलपीए ही वेगळी टेस्ट लागते. सरकारी टीबी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तेव्हा ‘टीबी आहे’ एवढं ऐकून गप्प बसू नका. ‘कोणत्या औषधाला दाद देतो?’ हेही विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आणि आपलं हॉस्टेल? एका खोलीत तिघं-चौघं, डासांच्या भीतीने खिडक्या बंद. खोकला झाला की रूममेटच्या उरलेल्या स्ट्रिपमधली गोळी! लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध असं घेतलं तर टीबी काही दिवस दबतो, निदान लांबतं, आणि रेझिस्टंट टीबीवर उपयोगी पडणारं हे औषधच बोथट होऊ शकतं.

माझं मत स्पष्ट आहे. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासा, खिडक्या उघडा, कोर्स पूर्ण करा. वॉर्डन मॅडम आणि सरांना विनंती, की आजारी मुलांना घरी पाठवण्याआधी तपासणीला पाठवा. आणि कोणाला टीबी झालाच, तर ‘तू काय चुकलास?’ असं विचारू नका. कदाचित त्याने फक्त श्वास घेतला असेल.