न खेळलेले सामने

वार्षिक अंकातील क्रीडावृत्त उघडले, की पहिल्याच परिच्छेदात कळते, यंदा किती सामने जिंकले, किती हरले आणि कार्यालयातील कपाटात किती ढालींची भर पडली. जे सामने खेळलेच गेले नाहीत, त्यांची नोंद मात्र कोणी करीत नाही. विद्यार्थिमित्रहो, अमेरिकेतील एका महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाची हकीकत वाचल्यापासून मला वाटू लागले आहे, की खेळाडूचा खरा पराभव पुष्कळदा या न खेळलेल्या सामन्यांतच असतो.

तो संघ मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा. अमेरिकेच्या दक्षिणेतील त्या राज्यात त्या काळी गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. पाण्याचे नळसुद्धा वेगळे. गोऱ्या विद्यार्थ्यांनी काळे खेळाडू असलेल्या संघाशी खेळू नये, असा एक दंडक होता. तो कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता, आणि बहुधा म्हणूनच तो मोडणे अधिक कठीण होते! १९५९ साली या संघाने २४ सामने जिंकले, अवघा एक गमावला आणि आपल्या विभागाचे विजेतेपद मिळविले. परंतु राष्ट्रीय स्पर्धेत काळ्या खेळाडूंशी गाठ पडेल, म्हणून मुले घरीच राहिली. १९६१ साली तेच झाले. १९६२ साली पुन्हा तेच.

१९६३ साली संघ चौथ्यांदा विजयी झाला. अवघ्या काही महिन्यांपूर्वी, १९६२ च्या सप्टेंबरअखेर, त्याच राज्यातील दुसऱ्या विद्यापीठात जेम्स मेरिडिथ या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळून दोन माणसे प्राणास मुकली होती. अशा वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कॉलव्हर्ड यांनी ठरविले, की यंदा संघ जाईल. विरोधकांनी न्यायालयातून मनाईहुकूम आणला. तो हाती पडण्यापूर्वीच प्रशिक्षक बेब मॅकार्थी मोटारीने राज्याच्या सीमेबाहेर निघून गेले. विमानतळावर आधी राखीव खेळाडूंना पाठविले, वाट मोकळी असल्याची खात्री झाली आणि मगच मुख्य खेळाडू निघाले. आग्र्याच्या पेटाऱ्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपणा मुलांना ही युक्ती नक्कीच आवडेल.

१५ मार्च १९६३ रोजी मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग येथे त्यांची गाठ शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी पडली. लोयोलाच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चौघे काळे होते. त्यांचा कर्णधार जेरी हार्कनेस याला धमकीची पत्रे आली होती. सामन्यापूर्वी मिसिसिपीचा कर्णधार जो डॅन गोल्ड पुढे आला, दोघांनी हस्तांदोलन केले आणि छायाचित्रकारांच्या दिव्यांचा एकच लखलखाट झाला. पहिले सात गुण मिसिसिपीने मिळविले. शेवटी मात्र लोयोलाने ६१–५१ असा विजय मिळविला. पुढे अंतिम सामन्यात लोयोलाने पंधरा गुणांची पिछाडी भरून काढली, वाढीव वेळेत सिनसिनाटीचा ६०–५८ असा पराभव केला आणि तेही तेच पाच खेळाडू अखेरपर्यंत खेळवून. त्या पराक्रमाचे पोवाडे अमेरिकेत पुष्कळ गायिले गेले, आणि ते योग्यच झाले.

कोणी म्हणेल, हरलेल्या मुलांचे एवढे कौतुक कशासाठी? ती काही समाजसुधारक नव्हती. हे मला मान्य आहे. त्यांच्या विद्यापीठात पहिला काळा विद्यार्थी १९६५ साली आला; एका हस्तांदोलनाने मिसिसिपी बदलले नाही. त्या मुलांना केवळ खेळायचे होते, सर्वोत्तम संघापुढे आपण किती टिकतो हे पाहायचे होते. परंतु मला ही इच्छाच मोलाची वाटते. तिच्यापोटी त्यांनी प्रतिपक्षाला आपल्या बरोबरीचा मानले. १९५९ च्या संघाचा हिशेब चोवीस विजयांचा आहे. पण तो संघ खरोखर किती चांगला होता, हे त्यालाही कधी कळले नाही.

माझ्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सांगतो. एका स्पर्धेत आम्ही मैदानावर तासभर उभे होतो. समोरचा संघ आलाच नाही. आमची भाषा निराळी, म्हणून त्यांच्या वडीलधाऱ्यांनी मुलांना पाठविले नव्हते. आम्हाला पुढे चाल मिळाली, टाळ्याही वाजल्या. तो संघ बरा होता की वाईट, आणि आम्ही तरी कसे होतो, हे मला आजवर समजलेले नाही. आपल्यासारख्या दोन भाषांच्या गावात असे प्रसंग तुमच्यावरही येतील. कदाचित त्या वेळी न जाण्याचा सल्ला तुम्हालाच मिळेल, आणि तो देणारी माणसे तुमच्या प्रेमातलीच असतील.

गोल्ड आणि हार्कनेस यांची पुढे मैत्री जुळली. २०११ साली गोल्ड वारला, तेव्हा हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला. शवपेटीजवळ त्या दोघांच्या हस्तांदोलनाचे छायाचित्र ठेवलेले होते.