निवेदन : ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी आमच्या लेकरांची तपासणी व्हावी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव

विषय : स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची वेळेवर ओळख, दाखला व उपचार मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही भूम, वाशी आणि कळंब तालुक्यांतील स्वमग्न मुलांचे पालक आहोत. आमच्यातले बरेच जण दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात.

हे निवेदन लिहिणाऱ्या पालकाचा मुलगा दीड वर्षाचा असताना हाक मारली तर मान वळवायचा नाही. कान अधू असतील अशी भीती वाटली. पण घरात बिस्किटाचा पुडा फाटला, की अंगणातून धावत यायचा. पाणी हवे असले तर बोट दाखवायचा नाही. आईचे मनगट धरून तिचा हात तांब्यावर नेऊन ठेवायचा. उलट्या ठेवलेल्या सायकलचे चाक फिरवत तासन्‌तास बसायचा. वर्षाचा असताना दोन शब्द बोलत होता, दोन वर्षांचा होईतो तेही गेले. घरातले म्हणाले, बापही उशिरा बोलला होता. कोणी नवस सुचवला. एका दवाखान्यात मोबाईल देऊ नका म्हणाले. आमच्या घरी तेव्हा बटणांचा साधा फोन होता. स्वमग्नता हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा झाला होता. लवकर कळले असते तर संवाद शिकवण्याची सर्वांत मोलाची वर्षे हातची गेली नसती.

स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे. तो आईच्या दुर्लक्षाने येत नाही, लशीनेही येत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात पहिला बोल आईलाच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात १२७ जणांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे आपल्या आठही तालुक्यांत अशी लेकरे असणार. त्यांना हट्टी, मुके किंवा येडे म्हटले जात असणार.

आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी वेळेची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा तपासायची असतात. त्यातली फेरी हंगामात आली, तर आमचे पोर फडावरच्या कोपीत असते आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजर लागते. म्हणून ऊसतोड कामगारांच्या गावांत एक फेरी जून ते सप्टेंबरमध्येच व्हावी, आणि सुटलेल्या मुलांची यादी ठेवून पाडव्यानंतर महिनाभरात त्यांना तपासावे.

आशाताईंच्या घरभेटी पंधराव्या महिन्याला संपतात. शब्द हरवण्यासारख्या खुणा मात्र पुष्कळदा त्यानंतरच ठळक होतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आई बाळाला बूस्टर डोससाठी आणतेच. तिथेच तिला विचारावे : नावाला ओ देतो का, बोटाने दाखवतो का, डोळ्यांत बघून हसतो का, येत असलेले शब्द गेले का? खुणा नेमक्या याच वयात दिसतात म्हणून लशीवर संशय घेतला जातो. तोही तिथल्या तिथे फिटेल. यासाठी आशा आणि अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण द्यावे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. तपासणीसाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनपद्धतही आहे. ती भरायला जाणकार माणूस आणि निवांत वेळ लागतो. आमची लेकरे रुग्णालयाच्या गर्दीच्या व्हरांड्यात कान झाकून किंचाळतात, आणि लोक म्हणतात, आईबापाने वळण लावले नाही. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी महिन्यातला एक दिवस ठरवावा, त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ हजर असावेत आणि या मुलांना शांत खोली मिळावी. वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीचे तज्ज्ञ आठवड्यातून एकदा कळंब आणि परंड्याच्या सरकारी रुग्णालयांत बसावेत. रोजंदारी बुडवून, एसटीने, अशा मुलाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला जाणे आम्हाला जमत नाही. आई-वडिलांना घरी करून घेता येईल असे शिकवले, तर फडावरही ते चालू ठेवू.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खालील स्थानिक समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे असते. आमच्या माघारी मुलांचे पालकत्व कोणाकडे, हा प्रश्न याच समितीपुढे येतो. तिची बैठक नियमित व्हावी, आणि एक लाखापर्यंतच्या निरामय आरोग्य विम्याची नोंदणी तालुक्यात शिबिर घेऊन करावी.

यंदाच्या टोळ्या निघण्यापूर्वी, आरोग्य, महिला व बालविकास आणि दिव्यांग कल्याण या तिन्ही विभागांच्या अधिकाऱ्यांसह आम्हाला बैठकीची तारीख द्यावी, ही विनंती. मुलांना घरी ठेवायला कोणी नसल्याने ती आमच्याबरोबर असतील. त्यांच्यासाठी शेजारची एक खोली मोकळी ठेवावी.

आपले,
स्वमग्न मुलांचे पालक,
भूम, वाशी व कळंब तालुके

प्रत माहितीसाठी : मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, धाराशिव, जिल्हा शल्यचिकित्सक, धाराशिव